सध्या काय वाचता?



आपल्याकडे दोन माणसं भेटली की पाऊसपाण्याची चौकशी होते, घरच्या मंडळींची होते, सोयरिकीची होते. 'सध्या काय वाचताय?' हा प्रश्न त्या मानानं कमी ऐकू येतो. पण मलकापूरच्या बाजारात, एस. टी. स्टँडवर किंवा शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर कुणी तो विचारलाच, तर उत्तर बहुधा ऐतिहासिक कादंबरीचं येतं. मग तो शिक्षक असो, शेतकरी असो, नाहीतर निवृत्त कारकून असो. एक प्रत चार घरं फिरते आणि परत येते तेव्हा तिचा पुठ्ठा निघालेला असतो. पुस्तकाचं याहून मोठं कौतुक ते काय करायचं?

ही आवड जुनी आहे. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ साली निघाली, ती मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी. पुढं हरिभाऊ आपटे आले, नाथमाधव आले. पण आपल्या कोल्हापूर जिल्ह्यानं तर या वाचनाला लेखकच पुरवले आहेत. 'स्वामी' (१९६२) लिहिणारे रणजित देसाई कोवाडचे, 'छावा' (१९७९) लिहिणारे शिवाजी सावंत आजऱ्याचे, आणि 'पानिपत' (१९८८) लिहिणारे विश्वास पाटील नेर्ल्याचे. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. दाराबाहेर पन्हाळा आणि विशाळगड दिसत असताना माणसाला गोष्ट सुचायचीच.

आता अडचण कुठं येते ते सांगतो. वर्गात गुरुजी विचारतात, 'बाजीप्रभू शिवाजी महाराजांना काय म्हणाले?' मुलगा झटकन उभा राहतो आणि घडाघडा एक वाक्य म्हणून दाखवतो. ते वाक्य फार सुंदर असतं, पण ते कादंबरीतलं असतं! गुरुजींनी त्याला शाबासकी द्यावी की खाली बसवावं? बहुतेक गुरुजी शाबासकी देतात. मुलानं निदान वाचलं तरी, असा त्यांचा विचार असतो. त्यात चूक नाही. पण तोच मुलगा पुढं वीस वर्षांनी त्या वाक्यासाठी चावडीवर भांडतो आणि शेजाऱ्याशी बोलणं सोडतो, तेव्हा काय करायचं?

खिंडीचीच गोष्ट घ्या. १६६० च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज पन्हाळ्याहून रात्री निघाले आणि विशाळगडाकडं आले. बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवून धरली आणि तिथंच ते पडले. हा इतिहास आहे. पण खिंडीत कोण कोणाशी काय बोललं, हे रणावर बसून कोणी लिहून घेतलं नव्हतं. ती जागा मोकळी आहे म्हणूनच तर रणजित देसाईंना 'पावनखिंड' लिहिता आली. कादंबरीकारानं मोकळ्या जागेत घर बांधलं तर तो गुन्हा नव्हे. मात्र सात-बारा कुणाच्या नावावर आहे, ते वाचकाला ठाऊक हवं.

आणि उलटही होतं. गोष्टीच्या ओघात काही खऱ्या गोष्टी आपण विसरून जातो. महाराज विशाळगडाच्या पायथ्याशी आले तेव्हा तिथंही वेढा होताच, आणि तो सुर्वे आणि दळवी या आदिलशाहीच्या चाकरीतल्या मराठी सरदारांचा होता. तो फोडून महाराज गडावर गेले. दरवर्षी जुलैत पन्हाळ्याहून खिंडीपर्यंत चिखल तुडवत चालणाऱ्या तरुणांपैकी कितीजणांना ही नावं सांगता येतील? खिंडीपाशी आपली गोष्ट संपते. महाराजांची वाट तिथं संपली नव्हती.

संभाजी महाराजांचं उदाहरण याहून बोलकं आहे. गडकऱ्यांचं 'राजसंन्यास' अपुरं राहिलं, तरी त्यातला विलासी संभाजी कितीतरी वर्षं लोकांच्या मनात बसला होता. वा. सी. बेंद्रे या संशोधकानं आयुष्याची अनेक वर्षं कागद धुंडाळण्यात घालवली आणि १९६० साली संभाजी महाराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं, तेव्हा ते चित्र बदलू लागलं. पाठोपाठ १९७१ साली कमल गोखले यांचा ग्रंथ आला. 'छावा' आली ती त्यानंतर. म्हणजे आधी कागद, मग कादंबरी. २०२५ साली त्या कादंबरीवरून हिंदी चित्रपट निघाला आणि पुस्तक पुन्हा हातोहात फिरू लागलं, याचा मला आनंदच आहे. पण 'छावा' मागणाऱ्या दहाजणांपैकी एकानं तरी बेंद्र्यांचं पुस्तक मागावं, अशी माझी मास्तरी हाव आहे.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवतो. महिन्यातून एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, वाचनालयात नाहीतर शाळेच्या ओसरीवर बसा. प्रत्येकानं सध्या काय वाचतो ते सांगावं. अध्यक्ष नको, हारतुरे नकोत. फक्त एवढंच करायचं, की आवडलेला प्रसंग सांगून झाला की दुसऱ्यानं विचारायचं, 'हे कशावरून?' पत्र आहे, बखर आहे, की लेखकाची कल्पना? उत्तर 'कल्पना' आलं तरी कोणी नाक मुरडू नये. आणि न वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनाही बोलवा. त्यांचं काम मोठं आहे.

ते कसं, तेवढं सांगून थांबतो. १७०२ सालच्या उन्हाळ्याअखेर विशाळगड औरंगजेबाच्या हाती आला. परशुरामपंत प्रतिनिधींनी महिनोन्महिने झुंजवून, मग पैसे घेऊन गड खाली केला होता. चौऱ्याऐंशीव्या वर्षात असलेला बादशहा जूनमध्ये परत फिरला. पन्हाळा काही फार लांब नाही. पण तिथं पोचायला त्याच्या छावणीला महिन्याहून अधिक काळ लागला. ओढे चढले, तंबू भिजून लोळले, जनावरं चिखलात रुतून मेली. मोगलांच्या फारसी ग्रंथांतच हे हाल नोंदलेले आहेत. पराक्रम कुणाचा म्हणाल, तर आपल्या पावसाचा! ना. सं. इनामदारांची औरंगजेबावरची 'शहेनशहा' सध्या कुणी वाचत असेल, तर या सालाजवळ आलात की पुस्तक मिटा आणि गावातल्या एखाद्या जुन्या आजोबांना विचारा, की डांबरी सडक नव्हती तेव्हा आषाढात आंब्याहून मलकापूरला भरली बैलगाडी आणायची म्हणजे काय होतं.