दोन भाऊ, एक फोटो आणि तीन अक्षरं

आज एका फोटोची गोष्ट. तुम्हाला तो दिसणार नाही, म्हणून आधी नीट सांगतो.

ब्लॅक अँड व्हाइट, पोस्टकार्डाएवढा. मागे रंगवलेला पडदा, त्यावर राजवाडा. पुढे दोन भाऊ. खुर्चीवर माझे आजोबा, पटका, धोतर, हात गुडघ्यांवर. शेजारी उभे धाकटे आजोबा, पांढरा शर्ट, मनगटावर घड्याळ. शिखर शिंगणापूरच्या चैत्री यात्रेत काढलेला, 1973 साली. आमचं गाव तिथलंच, माण तालुक्यातलं.

ते साल ध्यानात घ्या. 1972 चा दुष्काळ चालू होता. विहिरी आटलेल्या. माणसं सरकारी कामावर खडी फोडत होती, पाझर तलाव खोदत होती. खायला बाहेरून आलेला लाल मिलो, पोरांना सुकडी. रोजगार हमीचा कायदा व्हायला अजून चार वर्षं होती.

धाकटे आजोबा तेव्हा मुंबईला गिरणीत. आजी म्हणते, "त्या साली आपली चूल त्यांच्या मनिऑर्डरीवर पेटली. विहीर खोल केली ती पण त्याच पैशानं."

हा फोटो मला भिंतीवर नाही, ट्रंकेत सापडला. का, ते नंतर कळलं.

गेल्या दिवाळीत कर्जासाठी सातबारा काढला. नाव फक्त माझ्या वडिलांचं. जुने फेरफार काढले, तर आजोबांच्या नावापुढे तीन अक्षरं: ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. सोप्या भाषेत, जमीन एकट्याची नाही, घरातला थोरला म्हणून नाव याचं, हक्क सगळ्यांचा. आजोबा गेल्यावर वारस आमचेच लागले. ती तीन अक्षरं गळाली, आणि त्यांच्याबरोबर धाकटे आजोबाही.

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. धाकट्या आजोबांना परत कामावर घेतलंच नाही. मग रात्रीची वॉचमनकी. आजीला विचारलं, तेव्हा ते गावाला का आले नाहीत? ती बराच वेळ गप्प बसली. म्हणाली, "ते मागायला आले नाहीत, अन् ह्यांनी विचारलं नाही. त्याच साली ह्यांनी फोटो खाली काढला."

वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "आता कशाला उकरून काढतोस?" त्यांचंही कळतं मला. तीन एकर जमीन, त्यावर आमचं घर चाललंय.

तरी मी फोटो व्हॉट्सॲपवर मुंबईच्या आत्याला पाठवला. धाकट्या आजोबांची मुलगी. वाटलं, आता हिश्श्याचं विचारेल. तिचा मेसेज आला, "आमच्याकडे पण आहे हा. विहिरीला पाणी असतं का रे अजून?"

मी तो वडिलांना वाचून दाखवला. ते काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी विहिरीकडे जाऊन आले आणि म्हणाले, "तिचा नंबर दे."

नावं लागतील का, अजून माहीत नाही. अर्ज करता येतो, तलाठ्याकडे चौकशी करून आलोय. फोटो मात्र भिंतीवर आहे.

तुम्ही एक करा. घरातला जुना फोटो काढा, आजी-आजोबांना त्यातली नावं विचारा, मोबाइलवर रेकॉर्ड करा. आणि जुने फेरफार एकदा वाचा. एखादं माणूस फोटोत असतं, कागदावर नसतं.