दार लावणारा शब्द

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करण्याचं काम मी गेली तीस-बत्तीस वर्षं करतो आहे. लोकांना वाटतं, या कामात जडजंबाल शब्द फार छळत असतील. त्यांच्यासाठी कोश असतात हो. छळतात ते साधे, रोजच्या वापरातले शब्द. त्यातलाच एक आज तुमच्यापुढे ठेवतो. ‘कन्क्लूजन’.

शाळेतल्या निबंधाचा शेवटचा परिच्छेद म्हणजे कन्क्लूजन. परिषदेचं शेवटचं सत्र, तेही कन्क्लूजन. चौकशी समितीला जे आढळलं ते, तर्कशास्त्रात दोन विधानांवरून जे तिसरं हाती लागतं ते, आणि शेजारणीनं खिडकीतून पाहून जे मनाशी ठरवलं तेसुद्धा. मराठीत मात्र आपण पूजेची सांगता करतो, संमेलनाचा समारोप करतो, ग्रंथाला उपसंहार जोडतो, कामाचा शेवट करतो आणि पुराव्यावरून निष्कर्ष काढतो. संपणं आणि ठरणं यांची घरं आपल्याकडे बहुतेक वेगळी आहेत. इंग्रजीत ती एकाच छपराखाली येतात, आणि भाषांतरकाराला दर वेळी दार ठोठावून विचारावं लागतं, आत्ता घरात नेमकं कोण आहे?

दार हा शब्द मी मुद्दाम वापरला. या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या ‘क्लाउदेरे’ या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ बंद करणं, मिटणं. दुकान बंद होतं तो ‘क्लोज’ त्याच कुळातला. आत घेऊन दार लावलं की ‘इन्क्लूड’, बाहेर ठेवून लावलं की ‘एक्स्क्लूड’. बंद जागेची भीती वाटते त्या ‘क्लॉस्ट्रोफोबिया’तही तेच मूळ आहे. म्हणजे इंग्रज माणूस विचार करून काही ठरवतो तेव्हा त्याची भाषा सांगते, की त्यानं दार लावून घेतलं.

आता आपल्या शब्दांकडे पाहा. निष्कर्षामध्ये ‘कृष्’ धातू आहे. कृष् म्हणजे ओढणं. नांगर ओढतात ती कृषी आणि आतून बाहेर ओढून काढतात तो निष्कर्ष. म्हणून आपण निष्कर्ष ‘काढतो’. विहिरीतून पाणी काढावं, उसातून रस काढावा, तसा. ‘निकाल’ तर सरळ बाहेर निघण्याशीच नातं सांगतो. गंमत अशी, की इंग्रजसुद्धा कन्क्लूजन ‘ड्रॉ’ करतो, म्हणजे ओढतोच, पण त्याच्या मूळ शब्दात दार बंद आहे. आपल्याकडे काहीतरी बाहेर येतं.

निकाल या शब्दाचा संसार मात्र मोठा आहे. दहावीचा निकाल लागतो, खटल्याचा लागतो. पोरांनी महिनाभरात नव्या सायकलचा निकाल लावला, असंही आपण म्हणतो, आणि त्यात कुठलाही न्यायाधीश नसतो. कोल्हापूरकडची मंडळी निकाली कुस्ती पाहायला जातात ती कुणाची तरी पाठ मातीला लागलेली पाहण्यासाठी. बरोबरीत सोडवलेली कुस्तीही संपलेली असते, पण तिच्यात निकाल निघालेला नसतो. संपणं आणि ठरणं यातला फरक फडातल्या प्रेक्षकाला कुणी शिकवावा लागत नाही.

कचेऱ्यांमध्ये हा फरक पुसट होतो. ‘इतकी प्रकरणं निकाली काढली’ असं वाक्य अहवालात येतं. त्यातली काही खरोखर निर्णय होऊन संपलेली असतात. काही तडजोडीनं, काही अर्ज मागे घेतल्यामुळे, तर काही अर्जदार तारखेला हजरच नव्हता म्हणून. आकडा एकच, रकाना एकच. भाषांतर करताना तो ‘निकाली’ शब्द लिहायला माझा हात अजून अडतो.

राजकारणात याच शब्दाची आणखी एक तऱ्हा दिसते. इंग्रजीत तह ‘कन्क्लूड’ होतो, म्हणजे वाटाघाटी संपून करार पक्का होतो. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी वसईचा तह केला. इंग्रजी इतिहासात त्याचं वर्णन करताना हेच क्रियापद वापरतात. पण संपलं काय? पेशव्यानं इंग्रजांची तैनाती फौज पत्करली आणि पुढच्याच वर्षी, १८०३ मध्ये, शिंदे आणि भोसले यांच्याशी इंग्रजांचं युद्ध पेटलं. वाटाघाटींवर दार लागलं ते एवढ्याच अर्थानं, की पेशव्याला आता मागे फिरायला वाट उरली नाही.

मराठी कागदांनाही दार लावायची सोय होती, बरं का. शिवकाळातल्या पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला की खाली मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावरची अक्षरं अनेकांना पाठ असतील: ‘मर्यादेयं विराजते’. ही इथे मर्यादा शोभते आहे, म्हणजे लेखनाची सीमा इथे झाली. कारण अगदी व्यवहारी होतं. मोर्तबाखाली कुणी नंतर दोन ओळी घुसडल्या तर त्या राजाच्या नव्हेत हे उघड व्हावं. शिक्का आणि मोर्तब मिळून आपला ‘शिक्कामोर्तब’ झाला, आणि आज वर्तमानपत्रात एखाद्या नावावर शिक्कामोर्तब होतं तेव्हा त्याचा अर्थ असतो, ठरलं. मजकूर संपल्याची खूण निर्णय पक्का झाल्याची खूण बनली. इंग्रजी शब्दानं जो प्रवास केला, जवळपास तोच आपल्याही शब्दानं केला. फक्त मोर्तब करणाऱ्याची मुद्रा तिथे उमटलेली असे. दार कुणी लावलं हे कळत होतं.

कायद्यात तर हे दार अक्षरशः लावतात. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात ‘कन्क्लूझिव्ह प्रूफ’ अशी एक संज्ञा होती. आपण तिला निर्णायक पुरावा म्हणू. कायद्यानं एखादी गोष्ट दुसरीचा निर्णायक पुरावा ठरवली, की पहिली सिद्ध झाल्याबरोबर न्यायालयानं दुसरीही सिद्ध मानायची, आणि ती खोडून काढणारा पुरावा येऊच द्यायचा नाही. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला, पण ही संज्ञा त्यातही आहे. तिचं सर्वांत नाजूक उदाहरण म्हणजे मुलाचं औरसपण. वैध विवाह टिकून असताना जन्मलेलं मूल त्या पतीचंच, आणि विवाहाची गाठ सुटल्यावर आईनं पुन्हा लग्न केलेलं नसेल तर २८० दिवसांच्या आत जन्मलेलंही. हे खोडायचं तर त्या काळात पति-पत्नींचा संबंध येणंच शक्य नव्हतं, एवढंच दाखवता येतं.

हे वाचून पूर्वी मला वाटे, सत्यावर दार लावणारा हा कसला कायदा? पण १८७२ मध्ये रक्त तपासून बाप ठरवण्याची सोय नव्हती. संशयी नवऱ्याच्या एका वाक्यानं पोराचं नाव, वारसा आणि आईची अब्रू रस्त्यावर येऊ नये, म्हणून ते दार होतं. पुढे डीएनए चाचणी आली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात म्हटलं, की चाचणीचा अहवाल समोर असताना नुसत्या गृहीतकाला चिकटून राहता येणार नाही. तर जानेवारी २०२५ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात त्याच न्यायालयानं औरसपणाचं गृहीतक मोडू दिलं नाही आणि केवळ मागितली म्हणून डीएनए चाचणी करता येत नाही, असं सांगितलं. तिथे आपणच बाप नाही म्हणणारा पती नव्हता, दुसऱ्याच पुरुषाला बाप ठरवण्याची मागणी होती. दोन्ही निकाल समोर ठेवले की मला तरी न्यायालयाचं गोंधळणं दिसत नाही. दार कुणासाठी उघडायचं आणि त्यानं वारा कुणाला लागणार, हे ते पाहत होतं.

न्यायालयाला घाई नसते. घाई आपल्याला असते. इंग्रज ‘कन्क्लूजनवर उडी मारतो’, आपण सुतावरून स्वर्ग गाठतो. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोनं एका रुमालावरून बायकोच्या चारित्र्याचा निकाल लावला. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये ‘झुंझारराव’ म्हणून ते नाटक मराठीत आणलं. ‘फोरगॉन कन्क्लूजन’ हा आज सर्रास वापरला जाणारा वाक्प्रयोग आला तोही याच नाटकातून. आज त्याचा अर्थ आधीच ठरून गेलेला निकाल असा होतो. ऑथेल्लो तो वापरतो तेव्हा त्याच्या मते प्रत्यक्ष घडून गेलेल्या गोष्टीबद्दल बोलत असतो, असं बरेच टीकाकार मानतात. दुष्ट इयागोनं त्याला सांगितलेलं असतं दुसऱ्याचं एक स्वप्न, तेही बनवून.

आपल्या न्यायशास्त्रानं या घाईवर छान तोडगा काढला होता. त्याच्या अनुमानाला पाच अवयव असतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर आग आहे, ही झाली प्रतिज्ञा. का, तर धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जशी स्वयंपाकघरात. या डोंगरावरही तसाच धूर आहे, म्हणून तिथे आग आहे, हे निगमन. पाचवं वाक्य पहिल्यासारखंच असतं. मधल्या तीन पायऱ्या चढल्याशिवाय मात्र ते पुन्हा उच्चारायची मुभा नाही. आणि धूर म्हणून जे दिसलं ते धुकं निघालं, तर सगळाच डोलारा कोसळतो. जूनमध्ये सह्याद्रीत राहिलेल्या माणसाला हे फार समजावून सांगायला नको.

एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या शेजारच्या ताईंच्या मानेवर गाठ आली होती. सुई घालून तपासणी झाली. त्या कागद घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘‘भाऊ, वाचा हो. कालच मुलानं वाचून सांगितलं, काही निघालं नाही म्हणून.’’ घरात पेढेही आले होते. कागदावर शब्द होता ‘इन्कन्क्लूझिव्ह’. खाली लिहिलं होतं, की नमुना अपुरा आहे, पुन्हा घ्यावा. मुलगा हुशार, इंजिनीअरिंगला. पण घरातल्या बोलीत रिपोर्टमध्ये काही ‘निघालं नाही’ म्हणजे सगळं ठीक. आपल्या भाषेत निकाल बाहेर निघतो ना, म्हणून निघाला नाही तर आत काही नव्हतंच, असं सहज वाटून जातं.

मी त्यांना म्हटलं, ‘‘ताई, अजून पाहून झालेलंच नाही. तपासणी अर्ध्यावर आहे.’’ त्या जरा रागावल्या. आनंदाच्या घरात असं बोललेलं कुणाला आवडेल? तरी गेल्या पुन्हा. दुसऱ्या नमुन्यात गाठीचा क्षयरोग निघाला. सहा महिने गोळ्या चालल्या, गाठ गेली. आता त्या रोज सकाळी टेकडीवर फिरायला जातात, आणि कुणाचाही इंग्रजी रिपोर्ट आला की शेवटची ओळ दोनदा वाचायला लावतात.