बँकेच्या आस्थापनेतील उमेदवारी

पेढी नदीकाठच्या वलगावातून अमरावतीस शिकावयास जाणाऱ्या तरुण-तरुणींना बँक म्हटली की रोखपालाची खिडकीच आठवते. परंतु १९३५ साली पुण्यात स्थापन होऊन १९६९ साली राष्ट्रीयीकृत झालेल्या बँक ऑफ महाराष्ट्रसारख्या विशाल संस्थेत हजारो माणसांच्या नेमणुका, बदल्या, रजा आणि बढत्या ज्या दप्तरात सांभाळल्या जातात, तो मनुष्यबळ विभाग माझ्या मते अधिक शिकण्याजोगा आहे.

व्यवस्थापनाचे विद्यार्थी तेथे साधारणतः दोन महिने उमेदवारी करतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालची मुदत याहून दीर्घ असते. त्या कायद्याखाली विद्यावेतन मिळते, पण कायद्याच्या दृष्टीने असा उमेदवार शिकाऊच, कामगार नव्हे, हे आधीच समजून घ्यावे.

आरक्षणाची बिंदुनामावली कशी वाचावी, सेवापुस्तिकेतील नोंद कशी पडताळावी, हे तेथे कळते. आणि मेळघाटातील शाखेतून आलेला बदलीचा अर्ज हातात पडतो, तेव्हा त्या सरकारी थाटाच्या चार ओळींमागे कुणाची आजारी आई, कुणाच्या लेकरांची शाळा असते, हे ओळखून तो कागद गोपनीय राखणे, हेच त्या उमेदवारीतील सर्वांत कठीण काम होय.