सावड की वेठ?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



पेरू देशातील कुस्को हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंचीवर वसलेले आहे. शहराच्या मुख्य चौकातून उत्तरेकडे पाहिले, की घरांच्या तांबड्या कौलांच्या वर एक डोंगरमाथा दिसतो. तो शहराहून बराच उंच आहे. अरुंद दगडी गल्ल्यांतून आणि सान क्रिस्तोबालच्या चर्चवरून वाट चढत जाते. हवा विरळ असल्याने नवख्या माणसाला पुनःपुन्हा थांबून दम घ्यावा लागतो. माथ्यावरून पलीकडच्या मैदानात उतरल्यावर साक्सायवामानची तटबंदी समोर येते : करवतीच्या दात्यांप्रमाणे आतबाहेर वळत गेलेल्या, एकीच्या मागे एक चढत्या उभ्या असलेल्या तीन भिंती. त्यांची लांबी सुमारे ४०० मीटर आहे. काही शिळांचे वजन शंभर टनांहून अधिक असावे, असा अंदाज आहे. सांध्यांत चुना नाही, माती नाही. आणि तरीही दोन दगडांच्या मध्ये सुरीचे पातेही शिरत नाही.

हे कोणी उभारले? सोळाव्या शतकात काहींना हे सैतानाचे काम वाटले. आजही परग्रहावरून आलेल्या पाहुण्यांची कथा सांगणारे लेखक आढळतात. या कथांकडे करमणूक म्हणून पाहणे बरोबर नाही. जे काम डोळ्यांपुढे आहे त्याचे श्रेय वाटेल त्याला द्यावे, परंतु घाम गाळणाऱ्या माणसाला देऊ नये, ही जुनीच खोड त्यांत आहे. १९८० च्या दशकात झां-पिएर प्रोत्झेन या वास्तुशास्त्रज्ञाने कुस्को परिसरातील खाणींत स्वतः दगड घडवून पाहिले. कठीण गोट्यांनी ठोकत ठोकत लोखंडाशिवाय असे सांधे साधता येतात, हे त्याने दाखवून दिले. त्याला लागतात माणसे, कौशल्य आणि वेळ.

माणसांचा हिशेबही उपलब्ध आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यास पाचाकुती या इंका सम्राटाने हे बांधकाम आरंभिले आणि त्याच्या वारसांनी ते पुढे नेले. सिएसा दे लेओन हा स्पॅनिश बखरकार सांगतो, की त्यासाठी वीस हजार माणसे पाळीपाळीने आणली जात. चार हजार दगड फोडीत, सहा हजार जाड दोरांनी ते ओढीत, उरलेले पाया खणणे, लाकूड तोडणे अशी कामे करीत. या पाळीचे नाव 'मिता'.

अँडीजच्या खेड्यांत एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबण्याची रीत फार प्राचीन आहे. तिला 'आयनी' म्हणतात. आपला शेतकरी तिला सावड म्हणून ओळखील. आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. हिशेब दोघांच्या डोळ्यांपुढे. इंका राज्याने हीच भाषा उचलली. मितावर आलेल्यांना राज्य जेवू घालीत असे, मक्याची दारू पाजीत असे. धान्य आणि कापड यांनी भरलेली कोठारे साऱ्या साम्राज्यात होती आणि दुष्काळात ती उपयोगी पडत.

म्हणूनच समाजवाद्यांना या राज्याचे आकर्षण वाटले. १९२८ साली दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. लिमा येथे होसे कार्लोस मारियातेगी याने आपल्या सात निबंधांत असे मांडले, की आदिवासींचा प्रश्न हा मूलतः जमिनीचा प्रश्न आहे, आणि इंकाकालीन ग्रामसमूहांत साम्यवादाची मुळे आहेत. फ्रान्समध्ये लुई बोदँ या उदारमतवादी अर्थशास्त्रज्ञाने त्याच राज्याला 'समाजवादी साम्राज्य' म्हटले. मात्र त्याने ते आदर्श म्हणून नव्हे, तर इशारा म्हणून मांडले. इंकांची एकतंत्री सत्ता मारियातेगीच्या नजरेतून सुटली नव्हती. व्यक्तिस्वातंत्र्य ही आधुनिक कल्पना असून त्या मापाने तो काळ मोजू नये, असे त्याचे उत्तर होते.

उत्तर विचारार्ह आहे, परंतु पुरेसे नाही. दोर ओढणाऱ्याला 'नाही' म्हणता येत होते काय? याची साक्ष लोकस्मृतीत आहे. गार्सिलासो दे ला वेगा हा इंका राजकन्या आणि स्पॅनिश कप्तान यांचा मुलगा. त्याचा जन्म १५३९ साली कुस्को येथे झाला आणि याच भिंतींच्या आसऱ्याने तो लहानपणी खेळला. किल्ल्यापर्यंत न पोचलेल्या एका शिळेची कथा त्याने लिहून ठेवली. ती उतारावरून घसरली, तीनचार हजार माणसे तिच्याखाली चिरडली. ती थकली आणि रक्ताची आसवे ढाळू लागली. आकडा फुगवलेला असेल. पण ज्या लोकांनी दगडालाही थकवा दिला, त्यांना स्वतःच्या थकव्याविषयी काय सांगायचे होते, हे कळण्यास अवघड नाही.

दुसरी साक्ष १५३६ सालची आहे. मांको इंकाने स्पॅनिशांविरुद्ध उठाव केला, कुस्कोला वेढा घातला आणि हा किल्ला ताब्यात घेतला. तो परत घेताना हुआन पिसारो डोक्यात धोंडा बसून मेला. तरीही किल्ला पडला. स्पॅनिश फौज मूठभर होती. तिच्या बाजूने कान्यारी आणि इतर जमातींचे लोक लढत होते. इंकांनी या जमातींना जिंकले होते आणि त्यांतील अनेकांना मूळ गावांतून उचलून दूर वसविले होते. त्यांनी नवा धनी निवडला आणि तो अधिक क्रूर निघाला, ही शोकांतिका खरी. परंतु जो तट लोकांच्या संमतीवर उभा नसतो, त्याच्या शिळा कितीही जड असल्या तरी तो तग धरीत नाही.

पुढे स्पॅनिशांनी किल्ल्याचा दगड उतरवून चौकातील कॅथीड्रलला आणि आपल्या वाड्यांना लावला. जे हलेना तेच जागेवर राहिले. मिता हा शब्दही त्यांनी उचलला. व्हाइसरॉय तोलेदोने १५७० च्या दशकात त्याच नावाने माणसे पोतोसीच्या चांदीच्या खाणीत धाडली. तेथे सावडीचा लवलेशही उरला नाही, निव्वळ वेठ उरली. १८१२ साली ती कायद्याने बंद झाली. त्यापूर्वी १७८० साली तुपाक आमारू दुसरा याने तिच्याविरुद्ध बंड उभारले. १८ मे १७८१ रोजी कुस्कोच्या मुख्य चौकात त्याची पत्नी मिकाएला बास्तिदास हिच्यासह त्याला ठार मारण्यात आले. त्यानंतर गार्सिलासोच्या ग्रंथावरही बंदी आली. थकलेल्या शिळेची आठवणसुद्धा राज्यकर्त्यांना धोक्याची वाटली.

१९४४ पासून दर २४ जूनला याच तटासमोर सूर्योत्सव भरतो. त्याची संहिता गार्सिलासोच्याच वर्णनावरून रचली गेली. १९६९ साली नेमक्या त्याच तारखेला जनरल व्हेलास्को याच्या लष्करी राजवटीने भूमिसुधारणेचा कायदा जाहीर केला, त्या दिवसाला शेतकरी दिन असे नाव दिले, आणि १९७५ साली केचुआ भाषेला राजभाषेचा दर्जा दिला. मोठ्या हासिएंदा मोडल्या, जमीनदारांची सत्ता ढासळली. हे कार्य लहान नव्हे. परंतु सहकारी संस्था वरून आल्या आणि त्यांचा कारभार सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती राहिला. १९८० च्या दशकात अनेक ठिकाणी सभासदांनीच त्या मोडून जमीन वाटून घेतली. ते सहकाराला विटले, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. ज्या सावडीचा हिशेब आपल्यापुढे ठेवला जात नाही, ती सावड नव्हे, हे त्यांनी आपल्या परीने सांगितले.

साक्सायवामानच्या माथ्यावर उभे राहिले, की खाली चार लाखांहून अधिक वस्तीचे शहर दिसते. भोवतीच्या उतारांवर चढत गेलेल्या विटांच्या घरांत खेड्यांतून आलेली कुटुंबे राहतात. प्रवासी भिंतींची छायाचित्रे घेतो आणि उतरतो. कार्यकर्त्याने उतरताना एक प्रश्न सोबत न्यावा. भरलेले कोठार हे समाजवादाचे अर्धे काम आहे. उरलेले अर्धे काम म्हणजे दोर हाती घेणाऱ्याला विचारणे : दगड कोठे न्यायचा, कशासाठी न्यायचा, आणि न्यायचा की नाही. हा प्रश्न जी चळवळ विचारायचे टाळते, ती कितीही सद्हेतूने निघालेली असो, तिच्या सावडीची वेठ होण्यास फार काळ लागत नाही.