आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीचे स्वास्थ्य कार्यक्रम आणि जलद गुणात्मक मूल्यमापन



रुग्णांची काळजी वाहणाऱ्यांची काळजी कोणी घ्यावयाची, हा प्रश्न सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेत दीर्घकाळ दुय्यम मानला गेला. २०२० मध्ये आलेल्या कोविड-१९ च्या साथीने तो अग्रभागी आणला. त्यानंतर अनेक रुग्णालयांनी समुपदेशन, योगवर्ग, विश्रांतिकक्ष असे उपक्रम सुरू केले. मात्र या उपक्रमांचा कर्मचाऱ्यांना खरोखर लाभ होतो काय, हे तपासणे तितकेच महत्त्वाचे आहे.

प्रश्नाचे स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘बर्नआउट’ अर्थात कामातून येणाऱ्या टोकाच्या थकव्याची नोंद घेतली. ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली. तीत बर्नआउटला रोग न मानता व्यवसायाशी निगडित स्थिती मानले आहे. कामाच्या ठिकाणच्या प्रदीर्घ ताणाचे योग्य व्यवस्थापन न झाल्याने ती उद्भवते. साहजिकच, उपाय केवळ व्यक्तीच्या सहनशक्तीत शोधून भागत नाही. कामाची परिस्थितीही तपासावी लागते.

हा ताण मोजण्यासाठी क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये मांडलेली प्रश्नावली जगभर वापरली जाते. अशा प्रश्नावलीतून ताण किती, हे कळते. उपक्रम का फसला, हे कळत नाही. समजा, एखाद्या रुग्णालयातील सायंकाळच्या योगवर्गाला उपस्थिती कमी आहे. त्यावरून कर्मचाऱ्यांना आस्था नाही, असा निष्कर्ष निघू शकेल. परिचारिकांशी बोलल्यावर मात्र ती वेळ पाळी बदलण्याची आहे, असे आढळेल. आकड्यांमागील हे कारण गुणात्मक पद्धतीने हाती लागते.

जलद पद्धतीचा उगम

गुणात्मक संशोधनात मुलाखतींचे शब्दशः लेखन आणि ओळीओळीचे संकेतांकन यांत महिनोन्महिने जातात. अहवाल येईपर्यंत उपक्रमाचा निधीही संपलेला असतो. ही अडचण विकासक्षेत्राला नवी नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘जलद ग्रामीण पाहणी’ची पद्धत पुढे आली. तिच्या प्रसारात रॉबर्ट चेंबर्स यांचा मोठा वाटा होता. पुढे तिच्यातून विकसित झालेली सहभागी ग्रामीण मूल्यावलोकन पद्धती भारतात कर्नाटकातील ‘मायराडा’सारख्या संस्थांनी रुजविली. आरोग्यक्षेत्रात सुझन स्क्रिमशॉ आणि एलेना हुर्टाडो यांनी १९८७ मध्ये पोषण व प्राथमिक आरोग्यसेवेसाठी जलद पाहणीची मार्गदर्शिका सिद्ध केली. अमेरिकेत माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेतील संशोधक ॲलिसन हॅमिल्टन यांनी या विचाराला विश्लेषणाची सुटसुटीत रीत दिली.

कार्यपद्धती

या रीतीत मुलाखतीचा प्रत्येक प्रमुख प्रश्न हाच एक मुद्दा ठरतो. मुलाखत होताच तिचा सारांश त्या मुद्द्यांनुसार ठरावीक तक्त्यात उतरविला जातो. सुरुवातीला दोन संशोधक एकाच मुलाखतीचा सारांश स्वतंत्रपणे लिहितात व ताडून पाहतात. नंतर सर्व सारांश एका सारणीत मांडले जातात : आडव्या ओळीत व्यक्ती किंवा गट, उभ्या स्तंभात मुद्दे. स्तंभ वाचत गेले की समान अनुभव व विसंगती दोन्ही दिसू लागतात. काही आठवड्यांत प्रशासनाच्या हाती निष्कर्ष पडतात. २०१९ मध्ये अमेरिकेतील त्याच आरोग्यसेवेत जलद व सखोल विश्लेषणाची तुलना करण्यात आली, तेव्हा दोहोंचे निष्कर्ष बहुतांशी जुळले.

ब्रिटनमध्ये २०२० साली साथ सुरू असतानाच आरोग्य कर्मचाऱ्यांच्या अनुभवांचा असा जलद अभ्यास झाला. संरक्षक साधनांचा तुटवडा, चुकीच्या मापाचे पोशाख आणि नव्या विभागात पाठविताना न दिलेले प्रशिक्षण ही चिंतेची कारणे पुढे आली. सहकाऱ्यांमधील एकोपा व मानसिक आधाराची व्यवस्था यांचा आधार वाटल्याचेही कर्मचाऱ्यांनी नोंदविले.

मर्यादा आणि दक्षता

वेगाबरोबर धोकेही येतात. पाहणी करणारे डांबरी रस्त्यालगतच्या गावांतच फिरतात, भेटतात ती वजनदार माणसे, हा दोष चेंबर्स यांनी १९८३ मध्येच दाखविला होता. रुग्णालयातही दिवसपाळीतील वरिष्ठ सहज भेटतात. रात्रपाळीच्या परिचारिका, कंत्राटी सफाई कामगार आणि गावोगाव फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्या सुटून जातात. म्हणून कोणाशी बोलावयाचे, हे आधीच ठरवावे लागते. मुलाखत घेणारा वरिष्ठ अधिकारी नसावा. लहान विभागात पदावरूनही व्यक्ती ओळखू येते. म्हणून गोपनीयता कसोशीने पाळावी लागते.

भारतात निवासी डॉक्टरांच्या सलग कामाला सर्वसाधारणपणे दिवसाला १२ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालणारे केंद्राचे निर्देश १९९२ पासून आहेत. तरीही कामाचे तास आणि सुरक्षितता या तक्रारी पुन्हा पुन्हा पुढे येतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये वैद्यकीय व्यावसायिकांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमले, त्याची पार्श्वभूमीही हीच आहे. अशा स्थितीत स्वास्थ्य कार्यक्रमाचे मूल्यमापन ‘वर्ग आवडला काय’ एवढ्यावर थांबले, तर मूळ प्रश्न झाकला जाईल. कर्मचारी ध्यानधारणेऐवजी पुरेशी झोप, सुरक्षित विश्रांतिकक्ष व पुरेसे मनुष्यबळ मागत असतील, तर ते उत्तर अहवालात जसेच्या तसे उतरले पाहिजे. पुढील अंदाजपत्रकापूर्वी ते निर्णयकर्त्यांपर्यंत पोहोचविणे, हेच या जलद पद्धतीचे खरे प्रयोजन आहे.