आत्याची लोकर आणि आपलं भांडवल

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या सख्यांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे छापत आहोत.)



आज हप्ता, वसुली, रजिस्टर यातलं काहीच मी सुरुवातीला बोलणार नाही. घाबरू नका, शेवटी बोलणारच आहे! आधी मला सांगा, कोणाच्या घरी पिशवीत, पेटीत किंवा पलंगाखाली उरलेली लोकर पडून आहे? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. ज्यांनी केले नाहीत त्यांच्याकडे ब्लाउजपीस पडून असतील. मग ही गोष्ट तुम्हा सगळ्यांची आहे.

मी एम.एस.डब्ल्यू. करायला मुंबईला गेले तेव्हा दोन वर्षं आत्याकडे राहिले. आत्या गिरगावात खोताच्या वाडीत राहते. तुमच्यापैकी कोणी मुंबईला गेलात तर ही वाडी बघाच. चर्नी रोड स्टेशनला उतरायचं आणि चालत जायचं. आजूबाजूला उंच इमारती, आणि मध्येच ही अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना लाकडी सज्जांची जुनी घरं. घराला बाहेरून जिना असतो. पूर्वी दादोबा वामन खोत म्हणून होते, त्यांच्या नावावरून ही खोताची वाडी. त्यांच्याकडून ईस्ट इंडियन कुटुंबांनी जागा घेतल्या आणि घरं बांधली. पुढे आपली मराठी माणसंही राहायला आली. एका घरातून सुक्या बोंबलाचा वास येतो, दुसऱ्यातून साजूक तुपाचा!

अशाच एका घराच्या वरच्या मजल्यावर आत्याच्या दोन खोल्या. आणि त्या दोन खोल्यांत आत्याची लोकर.

आता मुंबईत लोकरीचं काय काम, सांगा? १९६२ च्या जानेवारीत एकदा मुंबईत पारा ७.४ अंशांवर उतरला होता. आत्या ते असं सांगते, जणू पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरणार आहे. बाकी बाराही महिने पंखा चालू, आणि पंख्याखाली आत्या घाम पुसत स्वेटर विणते आहे.

मी गेले त्या पाडव्याला आत्याने देवासमोर उभं राहून सांगितलं, "या वर्षी नवी लोकर आणायची नाही. आहे ती संपवायची." मी म्हटलं, छान! मग आम्ही दोघींनी लोकर बाहेर काढायला सुरुवात केली. दिवाणाच्या आत तीन पिशव्या निघाल्या. पिठाच्या रिकाम्या डब्यात गुंडे. शिलाई मशिनच्या खणात गुंडे. गणपतीच्या मखराच्या खोक्यात मखर कमी आणि गुंडे जास्त. भाजीवाल्याचा तराजू मागून आणला आणि वजन केलं. सहा किलो तीनशे ग्रॅम भरलं. आत्या म्हणाली, "तराजू खराब आहे त्याचा."

मग सुरू झाली लोकर संपवायची मोहीम. पहिला स्वेटर निळा. पाठ झाली, पुढचे भाग झाले, एक बाही झाली, आणि दुसऱ्या बाहीला लोकर संपली. आत्या दुकानात गेली, तोच शेड नंबर दाखवून एक गुंडा मागितला. घरी येऊन विणला, तर एक बाही निळी आणि दुसरी जरा जास्तच निळी! ताई, हे लक्षात ठेवा. गुंड्यावरच्या कागदावर शेड नंबराशेजारी लॉट नंबर असतो. रंगाची प्रत्येक खेप थोडी वेगळी उतरते. शेड एक असला तरी लॉट वेगळा असेल तर फरक दिसतो. म्हणून एका वस्तूला लागेल तेवढी लोकर एकाच लॉटची घ्यावी, आणि कागद टाकून देऊ नये.

बरं, त्या दुकानातून आत्या एक गुंडा घेऊन आली का? नाही. सहा गुंडे घेऊन आली. निळ्याला शोभेल म्हणून पांढरा, पांढऱ्याला शोभेल म्हणून पिवळा. आपल्याकडे गोष्ट आहे ना, साधूने लंगोटी उंदरापासून वाचवायला मांजर पाळलं, मांजराला दूध हवं म्हणून गाय घेतली? तसं आत्याचं झालं. लोकर संपवायला तिला लोकर आणावी लागायची.

मग छोट्या वस्तू करून संपवायचं ठरलं. रिमोटला कव्हर झालं. पाण्याच्या बाटलीला झालं. गॅसच्या सिलेंडरला झालं, तो सिलेंडर बदलून गेला आणि कव्हरही त्याच्याबरोबर गेलं! भर मे महिन्यात पोस्टमनला मफलर मिळाला. त्यानंतर तो पत्रं खालच्या मजल्यावर ठेवून जाऊ लागला. मी म्हटलं, आत्या, पुण्यात सारसबागेच्या गणपतीला हिवाळ्यात स्वेटर आणि टोपी घालतात, तिकडे पाठव. तर म्हणते, "अगं, एकटा गणपती किती घालेल?"

वर्षअखेरीला पुन्हा तराजू आणला. सहा किलो आठशे! वर्षभर विणून अर्धा किलो वाढली होती. परदेशातल्या विणणाऱ्या बायकाही आपल्यावर असाच विनोद करतात म्हणे, की आमच्याकडची लोकर आमच्या आयुष्यापेक्षा जास्त आहे. म्हणजे हा आजार सगळीकडचा.

हसलात ना पोटभर? आता मी माझी गोष्ट सांगते. ती सांगताना मला हसू येत नाही.

गेल्या वर्षी आपल्या एका गटाने ग्रामसंघाकडून १५,००० रुपये कर्ज घेतलं. बाळाचे स्वेटर, टोपी आणि मोजे यांचा सेट करून विकायचा होता. दहा सख्या, सगळ्यांचा हात चांगला. लोकर किती घ्यायची, असं त्यांनी मला विचारलं. मी नवीन होते. मी म्हटलं, "एकदम घ्या, स्वस्त पडेल." किलोला ५०० रुपयांप्रमाणे २४ किलो लोकर आली, १२,००० ची. बाकी ३,००० सुया, बटणं, पिशव्या आणि गाडीभाड्यात गेले.

संक्रांतीपर्यंत ६० सेट झाले. एका सेटला साधारण १५० ग्रॅम, म्हणजे ९ किलो लोकर लागली. २५० रुपयांप्रमाणे ३८ सेट विकले गेले. मग ऊन लागलं आणि गिऱ्हाईक थांबलं. २२ सेट कपाटात राहिले आणि १५ किलो लोकर पोत्यात राहिली. नुसत्या पोत्यातच ७,५०० रुपये अडकले होते. व्याज मात्र थांबलं नाही. एका सखीने हप्त्यासाठी कोंबड्या विकल्या. हे तिने मला सांगितलं नाही, दुसऱ्या सखीकडून कळलं. त्या रात्री मला आत्याचा दिवाण आठवला. आत्याची लोकर तिच्या हौसेची होती, स्वतःच्या पैशांची होती. आपली लोकर कर्जाची होती, आणि ती घ्यायला मी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी गटाच्या बैठकीत जाऊन मी हे सगळ्यांसमोर कबूल केलं. आज इथेही करते.

याच गिरगावातली एक खरी गोष्ट मला तेव्हाच आठवायला हवी होती. लिज्जत पापड आपण सगळ्या खातो. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्या दिवशी किती पाकिटं केली? चार! ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला दिली. ती खपली तशी पुढची लाटली. ८० रुपयांच्या डाळीचं पोतं भरून त्या बसल्या असत्या तर? आधी थोडा माल, मग विक्री, आणि विक्रीतून पुढचा माल.

मग आम्ही त्या गटात काय केलं, ते सांगते. तुम्हालाही करता येईल.

पहिलं, मोजलं. सगळी लोकर बाहेर काढून रंगाप्रमाणे आणि लॉटप्रमाणे लावली, वजन करून वहीत लिहिली. कागद हरवलेल्या लोकरीचा एक धागा जाळून बघितला. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरडते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याची कडक गाठ होते. हे कळायला हवं, कारण ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवली की वस्तू गेली. खऱ्या लोकरीला कसर लागते, ती कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून नीट बांधून ठेवावी.

दुसरं, अदलाबदल केली. हे मी आत्याच्या शेजारच्या आंटींकडून शिकले. आत्याचे रंगीत गुंडे त्यांनी नेले आणि क्रोशाचा पांढरा दोरा दिला. दोघींचंही काम झालं. तसंच शेजारच्या गावच्या गटाला तोरणांसाठी लोकर हवी होती. त्यांना ५ किलो लोकर खरेदीच्याच भावाने दिली. २,५०० रुपये मोकळे झाले.

तिसरं, थंडीवर अवलंबून राहिलो नाही. आपल्याकडे लग्नात रुखवत असतंच, आणि बाळंतविडा बाराही महिने लागतो. कपाटातले सेट बाळंतविड्यात घातले. तोरणं, रुमाल, ताटाखालच्या जाळ्या रुखवतासाठी केल्या. पण एक नियम ठेवला: ऑर्डर आणि निम्मी आगाऊ रक्कम हातात आल्याशिवाय सुई हातात घ्यायची नाही. यात ६ किलो लोकर गेली.

आज त्या गटाकडे ४ किलो लोकर आणि पाच सेट उरले आहेत. शेवटचे दोन हप्ते विक्रीच्या पैशांतून भरले, कोणाच्या घरातून आले नाहीत. अजून तीन हप्ते बाकी आहेत. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. आणि त्या सखीच्या कोंबड्या काही परत आल्या नाहीत.

म्हणून ताई, माझी एक विनंती आहे. पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने आपल्याकडे पडून असलेल्या मालाची यादी आणायची. लोकर असो, कापड असो, मसाल्याची पाकिटं असोत किंवा अगरबत्तीच्या काड्या. वस्तू, वजन आणि खरेदीचा भाव लिहायचा. लाजायचं नाही, मी माझी चूक सांगितलीच आहे. एका गटाला नको ते दुसऱ्याला हवं असेल, इथेच अदलाबदल करू. आणि यापुढे कच्च्या मालासाठी कर्जाची मागणी आली, तर ग्रामसंघाने पहिला प्रश्न विचारावा, "ऑर्डर किती आहे?" मी जरी "एकदम घ्या" म्हटलं, तरी मलाही विचारा.

परवा आत्याचा फोन आला होता. आता पाच किलो नव्वद ग्रॅमवर आली आहे म्हणते. मी शाबासकी दिली. तर हळूच म्हणाली, "अगं, ते नवीन आणलेले दोन गुंडे अजून तराजूवर ठेवले नाहीत."

तराजू मी आणते. तुम्ही यादी आणा.