भाव मिळाला पाहिजे, आणि माणूसही राहिला पाहिजे
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, ज्वारीच्या खरेदीवर झाले, वीजबिलावर झाले. आता थोडा वेळ अशा विषयावर बोलायचे आहे, की ज्याचे नाव काढले तरी आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. विषय आहे मनाच्या आजाराचा आणि त्यावर नुसते बोलून केल्या जाणाऱ्या उपचाराचा. शहरात त्याला समुपदेशन म्हणतात, मानसोपचार म्हणतात.

आठी का पडते ते आम्हाला ठाऊक आहे. ती आमच्याही कपाळाला पडत होती. गावात कुणी शेतकरी गेला, की पाहणी करायला साहेब लोक यायचे आणि सांगायचे, शेतकऱ्याचे मन खचले आहे, त्याला समजावा. आम्ही सभेत उलट विचारायचो, "खर्चही निघणार नाही अशा भावात कापूस घ्यायचा, आणि वर मन खंबीर ठेवा म्हणायचे? आजार आमच्या डोक्यात नाही, बाजारात आहे." टाळ्या पडायच्या. बोलणे खोटे नव्हते. पण ते अर्धे होते, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत आम्ही मोजली आहे.

या बैठकांना नेमाने येणारा आमचा एक सोबती होता. नाव घेत नाही, त्याचे घरचे लोक आजही आपल्यात आहेत. एका वर्षी तो येईनासा झाला. वावरात जाईना. जेवण कमी झाले. रात्री तीनला उठून ओट्यावर बसायचा. घरच्यांनी आम्हाला सांगितले. आम्ही म्हणालो, कर्जाचे टेन्शन आहे, कापूस विकला की होईल ठीक. त्या वर्षी भाव बरा मिळाला. सोसायटीचे कर्जही फिटले. तो मात्र ठीक झाला नाही. उलंगवाडी व्हायच्या आत गेला.

भाव आला आणि माणूस गेला. तेव्हापासून आम्ही या विषयातले जाणकार शोधून त्यांना विचारू लागलो. जे समजले ते आपल्या भाषेत सांगतो.

पहिला प्रश्न तुमच्याही मनात असेल. नुसत्या बोलण्याने आजार बरा होतो काय? टॉनिक विकणारा येतो आणि म्हणतो, आमचे औषध फवारले म्हणून पऱ्हाटी जोमात आली. आपण काय विचारतो? बाजूच्या ज्या ओळींना फवारले नाही, त्या कशा आहेत? पाऊसच चांगला झाला असेल, तर श्रेय औषधाला कशाला?

हाच प्रश्न १९५२ साली लंडनच्या हान्स आयसेंक या मानसशास्त्रज्ञाने आपल्याच धंद्यातल्या लोकांना विचारला. त्याचे म्हणणे असे, की उपचार न घेतलेल्यांपैकीही दोन तृतीयांश लोक दोनएक वर्षांत बरे होतात. मग तुमच्या उपचाराने काय केले? मोठे वादळ उठले. पण त्याचा फायदा झाला. लोक तुलनेचा वाफा ठेवू लागले. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना उपचार, निम्म्यांना नेहमीचे, आणि मग मोजणी. १९७७ साली अमेरिकेत मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी असे ३७५ अभ्यास एकत्र केले. उपचार घेतलेला सरासरी माणूस उपचार न घेतलेल्या शंभरातल्या ७५ जणांपेक्षा बऱ्या स्थितीत निघाला. म्हणजे गुण येतो.

मग दुसरा वाद. गुण कशाने येतो? हा उपचार म्हणजे मोठी विद्या, ती मोठ्या डॉक्टरलाच जमणार, असा समज होता. १९९६ साली नील जेकबसन यांनी एका नावाजलेल्या उपचाराचे तुकडे केले. काही रोग्यांना पूर्ण उपचार दिला. काहींना त्यातला एकच तुकडा दिला: सुटलेली कामे थोडी थोडी पुन्हा करायला लावायचे. तेवढ्यानेही पूर्ण उपचाराइतकाच गुण आला.

हे आपल्याला समजायला जड नाही. उदासीचा आजार झालेला माणूस म्हणतो, मन लागले की वावरात जाईन. जात नाही, म्हणून मन आणखी खाली जाते. खाली गेले, म्हणून जात नाही. रहाटाची माळ उलटी फिरत राहते. उपचार करणारा म्हणतो, मन लागायची वाट बघू नका. उद्या फक्त बैलाला पाणी दाखवा. परवा बांधापर्यंत जाऊन या. काय केले आणि कसे वाटले ते लिहून ठेवा. "खंबीर हो" म्हणून खांद्यावर थाप मारणे वेगळे, आणि दर आठवड्याला येऊन एकेक पाऊल ठरवणे वेगळे.

आपल्या शेजारच्या गोव्यात याची रीतसर चाचणी झाली. ती २०१७ साली छापून आली. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतले ४९५ रोगी, सगळे बऱ्यापैकी गंभीर उदासीचे. उपचार करणारे डॉक्टर नव्हते. साधी गावची माणसे, शिकवून तयार केलेली. सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी उपचाराच्या बाजूला शंभरात ६४ आजारातून बाहेर आले, तुलनेच्या बाजूला ३९. बघा, आयसेंकचा मुद्दाही अगदी खोटा नव्हता. ३९ तसेही उठले. पण शंभरामागे जे २५ जास्त उठले, ती २५ घरे आहेत.

आणि आपल्या अमरावती जिल्ह्यातले सांगतो. ३० गावांत ‘विश्राम’ नावाचे काम झाले. आधी उदासीचा आजार असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण कुठे उपचाराला जात होते. दीड वर्षाच्या कामानंतर २७ जाऊ लागले. कारण गावातलाच माणूस घरी येऊन विचारत होता.

आता कुणी म्हणेल, म्हणजे साहेब लोकांचेच खरे. शेतकऱ्याला समजावले की झाले. थांबा.

केनियाच्या खेड्यांत २०२० सालच्या एका अभ्यासाने थेट तुलना केली. काही घरांना रोख रक्कम दिली. काहींना पाच आठवड्यांचा बोलण्याचा उपचार. वर्षाने मोजले, तर रोख मिळालेल्यांची परिस्थितीही सुधारली आणि मनही. नुसत्या बोलण्याचा मोजता येईल असा परिणाम दिसला नाही. इंडोनेशियातही, गरीब घरांना सरकारने रोख मदत दिली तिथे आत्महत्यांचे प्रमाण १८ टक्क्यांनी उतरले, असे २०१९ सालचा अभ्यास सांगतो. उलट घानाच्या गरीब खेड्यांत बारा आठवड्यांच्या उपचाराने चांगला गुण आल्याचे २०२२ साली छापले आहे. म्हणजे तज्ज्ञांचा वाद मिटलेला नाही.

आम्ही यातून काय घेतो? गोव्यात आजारी माणसे निवडून उपचार दिला, तो लागू पडला. केनियात सरसकट गरीब लोकांना दिला, तिथे पैसा लागू पडला. गरिबीवर बोलणे हे औषध नाही. आणि मनाचा आजार एकदा जडला, की भाव आला म्हणून तो आपोआप जाईलच असेही नाही. पाण्याअभावी सुकलेल्या झाडाला पाणी हवे. मूळ सडलेल्या झाडाला पाणी दिले तरी ते वाळते. वावरात आपण हा फरक ओळखतो. घरात ओळखत नाही.

म्हणून भावाची मागणी एका शब्दानेही मागे घ्यायची नाही. समुपदेशन केले, आता भाव कशाला, असे कुणी म्हणाले तर त्याला केनिया सांगा. पण गावात चार गोष्टी आपल्यालाच करायच्या आहेत.

एक: दोन आठवडे कुणाची झोप उडाली, जेवण सुटले, कामात मन नाही, माणसांतून उठून जातो, तर तो आळशी नाही, आजारी असू शकतो. मायबहिणींत हा आजार पुरुषांपेक्षा जास्त आढळतो. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून तिच्याकडे कुणी बघतही नाही.

दोन: जवळ बसून सरळ विचारा, "जीव नकोसा वाटतो का?" विचारल्याने ते मनात येते हा गैरसमज आहे. विचारल्याने ओझे हलके होते. मग गप्प राहून ऐका. अशा घरातले फवारणीचे औषध काही दिवस दुसरीकडे हलवा.

तीन: आरोग्य केंद्रात घेऊन जा, सोबत जा. आजार जास्त असेल तर गोळ्याही लागतात. त्यात कमीपणा नाही. रात्री-अपरात्री १४४१६ या सरकारी नंबरवर फुकट बोलता येते. मराठीतही बोलता येते.

चार: कुणी प्रयत्न करून वाचला, तर लपवू नका. २०१७ च्या कायद्याने तो माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरायचे आहे. त्याला शिक्षा नाही. त्याची काळजी घेणे सरकारचे कर्तव्य ठरले आहे.

आमच्या सोबत्याच्या ओट्यावर त्या हंगामात आम्ही तीनदा गेलो होतो. तीनही वेळा भावावर बोलून परत आलो. त्याला काय होते आहे, हे एकदाही विचारले नाही. आज या बैठकीतून घरी जाताना प्रत्येकाने आठवून बघावे, मागच्या बैठकीला आलेला कोण आज आलेला नाही. आणि उद्या सकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसावे.